एकोणीस एकांची गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

लग्नाच्या आहेराचं पाकीट आपण कधी शंभर रुपयांचं करत नाही. शंभराच्या नोटेवर एक रुपयाचं नाणं ठेवतो. त्याची कारणं विचारली तर दोन उत्तरं मिळतात. काही जाणती माणसं म्हणतात, पूर्ण रक्कम दिली की व्यवहार संपला, म्हणून एक वर ठेवून नातं चालू ठेवायचं. काही म्हणतात, एक वाढवला की रकमेची वाटणी होत नाही आणि नवरा-नवरीचीही होत नाही. पहिलं उत्तर श्रद्धेचं आहे, ते तपासायचं नसतं. दुसरं मात्र कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतं.

तपासून पाहू. ११ ची समान वाटणी होत नाही, खरं आहे. २१ ची होते, तीन साती एकवीस. ५१ म्हणजे तीन सत्रे एक्कावन. १०१ ला मात्र काहीही केलं तरी भाग जात नाही. ५०१ ला तीनने जातो. आणि १००१ ही तर सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार आहे, म्हणजे सात भावांतही वाटता येते आणि तेरा भावांतही. तेव्हा वाटणी होऊ नये एवढाच हेतू असेल, तर पाकिटात ११ किंवा १०१ घालावेत.

अशा न वाटता येणाऱ्या संख्येला आपण शाळेत ‘मूळ संख्या’ म्हणायला शिकलो. नाव फार चांगलं आहे. झाडाला मूळ असतं, नदीला मूळ असतं, तशी प्रत्येक संख्या काही मूळ संख्यांच्या गुणाकारातून आलेली असते, आणि ते तिचं मूळ एकच असतं, बदलत नाही. गाण्यातल्या माणसाला हे लवकर कळेल. मिरजेत तबल्याच्या खोलीबाहेर उभं राहा. तीनतालाच्या सोळा मात्रा चार-चारच्या चार सारख्या भागांत बसतात. रूपकाच्या मात्रा सात. तिथे तीन, दोन आणि दोन असेच तुकडे करावे लागतात, सारखे तुकडे होतच नाहीत. सात ही मूळ संख्या आहे, आणि रूपकाची सगळी चाल त्या अडचणीतून आली आहे.

आमच्याकडची तसबी घ्या. नव्व्याण्णव मणी, तेहतीस-तेहतीसचे तीन भाग. जपमाळेचे मणी एकशे आठ, त्यांचे तर दोन, तीन, चार, सहा, नऊ, बारा असे हवे तेवढे सारखे भाग पडतात. मोजायची साधनं माणसाने वाटता येणारी निवडली, हे साहजिकच आहे. सांगली-मिरज रस्त्यावर ट्रकच्या कपाळावर ७८६ लिहिलेलं दिसतं. त्याचे अवयव पाडले तर दोन गुणिले तीन गुणिले १३१ येतात, आणि १३१ पाशी गाडी थांबते. १३१ ही मूळ संख्या आहे. गंमत अशी की तिचे अंक फिरवून ११३ करा, ३११ करा, तरी ती मूळच राहते. अंक कसेही मांडले तरी न फुटणाऱ्या अशा संख्या फार थोड्या आहेत. तीन अंकांतली अशी शेवटची संख्या ९९१. त्यानंतर अशा ज्या संख्या सापडल्या आहेत, त्या सगळ्या एकाच घराण्यातल्या आहेत. त्यांच्यात एक सोडून दुसरा अंकच नसतो.

आजची गोष्ट त्या घराण्यातल्या एका मोठ्या संख्येची आहे. एकावर एक असे एकोणीस एक लिहा: ११११११११११११११११११११ नव्हे, तो वीस झाला. सावकाश मोजून लिहा: ११११११११११११११११११. पुन्हा मोजा, इथे अठराच आहेत, अजून एक हवा. एकाच अंकाची रांग लिहिताना हात असा फसतो, म्हणून तीन-तीनचे गट पाडलेले बरे: १ १११ १११ १११ १११ १११ १११. आता एकोणीस झाले. ही मूळ संख्या आहे.

ती वाचायची कशी, हा पहिला प्रश्न. एकं, दहं, शतं असं आपण शाळेत घोकलं आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘लीलावती’ लिहिली, तिच्यात ही स्थानांची नावं एकापासून परार्धापर्यंत दिली आहेत. अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. मोजली तर ती अठरा भरतात. आपल्या संख्येत एकोणीस अंक आहेत. म्हणजे भास्कराचार्यांच्या नावांची शिडी जिथे संपते, तिच्या बरोबर एक पायरी वर ही संख्या उभी आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे सापडला. पुढे १५८७ मध्ये अकबराच्या आज्ञेवरून फैजीने ‘लीलावती’ फारसीत नेली. हिशेबाच्या विद्येला धर्माची आणि भाषेची वेस कधी आडवी आली नाही.

एकांच्या रांगेचा नाद लागलेला आपल्याकडचा मोठा माणूस म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. आई लहानपणीच गेली. वडील कारकून, ज्योतिषाची आवड असलेले. त्यांच्याकडून मुलाला आकड्यांची गोडी लागली. शाळा ठाण्याला, पुढे पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. तिथे १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक त्यांना मिळालं. १९२९ मध्ये ते बी. एस्सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत मास्तरकी केली आणि तिथूनच निवृत्त झाले.

मुंबईपासून तीसेक मैलांवर, जी. आय. पी. रेल्वेच्या डेमलो नावाच्या स्टेशनावर त्यांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली. हे स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली, असं सांगतात. म्हणून त्या संख्यांचं नाव त्यांनी ‘डेमलो संख्या’ ठेवलं. संख्येला राजाचं नाव द्यावं, देवाचं द्यावं, तर या माणसाने गाडीच्या स्टेशनाचं दिलं. त्यातल्या सर्वांत देखण्या संख्या एकांच्या रांगेचा वर्ग केला की मिळतात. अकराचा वर्ग १२१. एकशे अकराचा वर्ग १२३२१. चार एकांचा वर्ग १२३४३२१. जिना चढावा आणि उतरावा तशा या संख्या आहेत. नऊ एकांपर्यंत जिना शाबूत राहतो: १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एकांच्या वर्गात हातचे येतात आणि जिन्याची मधली पायरी मोडते.

पण इथे आणखी एक मजा आहे. नवापर्यंतचा तो जिना मूळ संख्या नाही, उघडच आहे, कारण तो नऊ एकांचा वर्ग आहे. आता त्याच जिन्याच्या माथ्यावर हातचे न धरता नुसता ‘दहा’ लिहून टाका: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. वीस अंकांची संख्या झाली, पहिलीतल्या मुलालाही पाठ होईल अशी. ही मूळ संख्या आहे. तिला एक आणि ती स्वतः, यांखेरीज कशानेही भाग जात नाही.

कापरेकरांचं जगात नाव झालं ते ६१७४ मुळे. कुठलेही चार अंक घ्या, फक्त सगळे सारखे नसावेत. उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा. ४३२१ वजा १२३४, उत्तर ३०८७. पुन्हा तसंच: ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. जास्तीत जास्त सात वेळात प्रत्येक संख्या तिथे येऊन थांबते. ही गोष्ट त्यांनी १९४९ मध्ये शोधली. आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांनी त्याकडे करमणूक म्हणून पाहिलं. छोट्या पुस्तिका मास्तरांनी पदरच्या पैशाने छापल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा देवळालीचं नाव परदेशातल्या गणितवाल्यांना ठाऊक झालं. तोवर कापरेकर सत्तरीला पोचले होते.

याचा उपयोग काय, असं त्यांना लोक विचारत. आपल्या वेडाची तुलना त्यांनी स्वतःच दारूच्या धुंदीशी केली होती: पिणाऱ्याला जशी ती धुंदी सुटू नये असं वाटतं, तसं आपलं आकड्यांबाबत होतं, असं ते म्हणत. गझल लिहिणाऱ्या आणि ऐकणाऱ्या माणसांना ही उपमा परकी वाटणार नाही.

एकांच्या रांगा मूळ केव्हा असतात, हा प्रश्न कापरेकरांच्या जन्माआधीपासून चालत आला आहे. त्याचा पहिला नियम सोपा आहे. रांगेत किती एक आहेत ती संख्या आधी मूळ असली पाहिजे. सहा एक घेतले तर दोन-दोनच्या तीन जोड्या पडतात आणि १११११११ चा नव्हे, १११ १११ चा भाग अकराने सरळ जातो: अकरा गुणिले १०१०१. तेव्हा चार, सहा, आठ, नऊ एकांच्या रांगा बाद. पण एकांची संख्या मूळ आहे म्हणून रांगही मूळ असेलच, असं नाही. तीन एक म्हणजे ३ गुणिले ३७. पाच एक म्हणजे ४१ गुणिले २७१. सात एक म्हणजे २३९ गुणिले ४६४९. अकरा एक म्हणजे २१,६४९ गुणिले ५,१३,२३९. तेरा एक तीन अवयवांत फुटतात, त्यातला सर्वांत लहान ५३. सतरा एक म्हणजे २०,७१,७२३ गुणिले ५,३६,३२,२२,३५७. दोन एक, म्हणजे आपले अकरा, मूळ होते. त्यानंतर वाटेतल्या सगळ्या रांगा फुटल्या, आणि पहिली न फुटणारी रांग आली ती थेट एकोणीस एकांची.

ती फुटत नाही हे ठरवायचं कसं? साधा मार्ग म्हणजे भागून बघणं. भागून बघायचं ते संख्येच्या वर्गमुळापर्यंत. आपल्या संख्येचं वर्गमूळ एक अब्ज पाच कोटींच्या घरात आहे, आणि तिथपर्यंत मूळ संख्या पाच कोटींहून जास्त आहेत. दर मिनिटाला एक भागाकार, तोही रात्रंदिवस, असा धरला तर शंभरेक वर्षं लागतील. बापाने सुरू केलेला भागाकार नातवाला संपवावा लागेल.

इथे अक्कल वापरावी लागते. वरचे अवयव परत पाहा. पाच एकांचे अवयव ४१ आणि २७१, दोन्हींतून एक वजा केला तर दहाने भाग जातो. सात एकांचे २३९ आणि ४६४९, एक वजा केला तर चौदाने भाग जातो. हा योगायोग नाही, नियम आहे. एकोणीस एकांचा अवयव असलाच तर त्यातून एक वजा केल्यावर अडतिसाने भाग गेलाच पाहिजे. एवढ्या एका चाळणीने पाच कोटींवरून काम तीस लाखांच्या आसपास येतं. तरीही ते साडेपाच-सहा वर्षांचं झालं. गणिती याहून बारीक चाळण्या वापरतात. ऑस्कर हॉप यांनी १९१८ च्या सुमारास, गणकयंत्रं यायच्या कितीतरी आधी, एकोणीस एकांची संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं. तेव्हा कापरेकर तेरा वर्षांचे होते.

अशा चाळण्यांचा इतिहास जुना आहे. बसऱ्याचा इब्न अल्‌-हैथम, सुमारे ९६५ ते १०४० हा त्याचा काळ, प्रकाशाच्या शास्त्रासाठी ओळखला जातो. मूळ संख्येची एक अचूक खूण त्याने सांगून ठेवली आहे. संख्येच्या अलीकडच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करा आणि त्यात एक मिळवा. मूळ संख्येने त्याला भाग जातोच. सातासाठी एक ते सहाचा गुणाकार ७२०, अधिक एक ७२१, आणि सात गुणिले १०३ म्हणजे ७२१. सहासाठी करून पाहा, १२१ येतात, भाग जात नाही. युरोपात हाच नियम अठराव्या शतकात विल्सनच्या नावाने प्रसिद्ध झाला. नियम बिनचूक आहे, पण मोठ्या संख्येसाठी गुणाकार इतका लांबतो की तो करणं माणसाच्या किंवा यंत्राच्या आवाक्यात राहत नाही. बरोबर असणं आणि हाताशी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता उपयोगाचा प्रश्न. आटपाडी तालुक्यात खरसुंडीच्या जत्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो. बैलबाजारातली जुनी रीत आपल्याला माहीत आहे. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. शेकडो माणसं भोवती उभी असतात, व्यवहार सगळ्यांदेखत होतो, पण आकडा त्या दोघांनाच कळतो. आज मोबाइलवरून चहाचे पैसे देताना असंच एक उपरणं लागतं, आणि ते मोठ्या मूळ संख्यांच्या धाग्याने विणलेलं असतं. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी त्याची एक रीत बसवली. तिचं मर्म आपल्या सतरा एकांत दिसतं. २०,७१,७२३ आणि ५,३६,३२,२२,३५७ यांचा गुणाकार करायला सांगितला तर हायस्कुलातला मुलगा एका पानावर करून देईल. उलट सतरा एक त्याच्यापुढे ठेवले आणि यांचे दोन तुकडे शोध म्हटलं, तर सुट्ट्या संपतील. गुंफायला सोपं, उसवायला अवघड. बँकेच्या कुलपात हेच तत्त्व असतं, फक्त संख्या शेकडो अंकांच्या असतात. इंग्लंडचे थोर गणिती हार्डी यांनी १९४० मध्ये संख्याशास्त्राच्या निरुपयोगीपणाबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. चाळीस वर्षांच्या आत जग त्याच शास्त्राच्या कुलपाकडे वळलं. कापरेकरांना उपयोग विचारणाऱ्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, तो फार लवकर विचारला गेला होता.

एकांची रांग पुढेही वाढत राहिली. एकोणीस एकांनंतर तेवीस एकांची रांग मूळ निघाली. त्यापुढची ३१७ एकांची. ती १९७७ मध्ये ह्यू विल्यम्स यांनी सिद्ध केली. मग १०३१ एकांची, विल्यम्स आणि हार्वे डबनर यांनी १९८६ मध्ये. त्याच वर्षी देवळालीला कापरेकर वारले. ४९,०८१ एकांची रांग मूळ असावी असा अंदाज डबनर यांनी १९९९ मध्ये बांधला होता, त्याची सिद्धता २०२२ मध्ये झाली. अंदाज आणि सिद्धता यांच्यामध्ये तेवीस वर्षं गेली.

आणि आता सर्वांत मोठ्या संख्येकडे येऊ. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट या अमेरिकन तरुणाच्या खटपटीतून तोवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या जाहीर झाली. दोनाला दोनाने १३,६२,७९,८४१ वेळा मांडून गुणायचं आणि उत्तरातून एक वजा करायचा. या संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. फ्रान्सचे पाद्री मर्सेन यांनी सतराव्या शतकात अशा संख्यांची यादी केली, म्हणून त्या मर्सेनच्या नावाने ओळखल्या जातात. आपल्या दहा अंकांच्या लिपीत ही संख्या लिहिली तर नुसती आकड्यांची गर्दी दिसते. पण संगणकाची लिपी दोनच अंकांची, शून्य आणि एक. त्या लिपीत सात म्हणजे १११, एकतीस म्हणजे १११११, एकशे सत्तावीस म्हणजे सात एक. मर्सेनची प्रत्येक संख्या त्या लिपीत नुसती एकांची रांग असते. नियमही तोच: रांगेतल्या एकांची संख्या आधी मूळ हवी. आणि अपवादही तसाच: अकरा एकांची रांग तिथेही फुटते, कारण ती २०४७, म्हणजे २३ गुणिले ८९.

म्हणजे २०२४ ची ती विक्रमी संख्या यंत्राच्या लिपीत १३ कोटी ६२ लाख ७९ हजार ८४१ एकांची सरळ रांग आहे. सेकंदाला एक या गतीने कुणी ‘एक, एक, एक’ म्हणत बसलं, झोप-जेवण सोडून, तर सव्वाचार वर्षांहून थोडा जास्त वेळ लागेल. मधे एकही शून्य नाही.

अशा रांगांत मूळ संख्या अनंत आहेत का, हे दहाच्या लिपीतही कुणी सिद्ध केलेलं नाही आणि दोनाच्या लिपीतही नाही. साऱ्या मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दाखवलं, पण एकांच्या रांगेचा प्रश्न अजून मोकळा आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, मोठी पदवी लागतेच असं नाही. साताऱ्या-सांगलीकडच्या एखाद्या घरात आज कुणी पोर वहीच्या मागच्या पानावर आकड्यांचे जिने काढत असेल, तर त्याला उपयोग विचारण्याआधी जिना कुठवर चढलास, एवढं विचारावं.